वर्षश्राद्धाला तात्यांचे किस्से सांगितले तर चालेल का?

मूळच्या तासगावच्या आणि सध्या पुण्यात असलेल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. मोठं आहे, म्हणून थोडं आटोपतं करून देते.

‘माझे वडील एसटीत कंडक्टर होते. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. गेल्या मार्गशीर्षात, ७६ व्या वर्षी, रात्री जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. शववाहिका निघताना ड्रायव्हरकाका पुढं आले. तात्या आणि ते कित्येक वर्षं एकाच गाडीवर होते. काकांनी पत्र्यावर तळहातानं दोन थापा मारल्या आणि म्हणाले, “डबल, तात्या.” मला एकदम हसू फुटलं. रडतच होते, पण हसले, आणि मोठ्यानं हसले. आत्या म्हणाली, “बापाची माती निघाली आन् पोरगी हसतीया.” दादा आत तात्यांजवळ मडकं धरून बसला होता. तो त्या वेळी काही बोलला नाही, पण तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

आता वर्षश्राद्ध आलं आहे. सगळे जमणारच आहेत, तर तात्यांचे किस्से सांगावेत, एक छोटी पुस्तिका छापावी असं माझ्या मनात आहे. किस्से किती सांगू? मी बारा वर्षांची झाले त्या दिवशी त्यांच्याच गाडीत होते. स्वतःच्या खिशातून पैसे काढून त्यांनी माझं तिकीट फाडलं आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, “आजपास्नं फुल!” दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून १९४८. एसटीची पहिली गाडी त्याच दिवशी सुटली, म्हणून दर १ जूनला घरात शिरा व्हायचा. आईचा वाढदिवस मात्र त्यांना कधी आठवला नाही. बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा आईला म्हणाले, “लग्नात फुल म्हणून आणली, आता सरकारनं हाफ केली.” दादा शाळेत असताना मित्रांबरोबर विनातिकीट सापडला, तर त्याला कवठे एकंदला उतरवलं आणि तासगावपर्यंत चालत यायला लावलं.

दादा म्हणतो, “तात्यांची थट्टाच करायची असेल तर तुझं तू कर.” आई गप्प असते. फोटोवरूनही वाद आहे. त्यानं ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतलाय, त्यात तात्या कुणावर तरी डाफरल्यासारखे दिसतात. माझ्याकडे लग्नाच्या पंगतीत वाढतानाचा आहे, तोंडभर हसतानाचा. तात्या आठवले की मला आधी हसू येतं, मग रडू. माझं काही चुकतंय का?’

प्रिय ताई,

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो प्रश्न उराशी घेऊन तुम्ही वर्ष काढलंय. तुमचं काही चुकलेलं नाही. त्या दिवशीही नाही आणि आजही नाही.

त्या दोन थापांकडे पुन्हा एकदा बघा. एसटीत एक घंटी म्हणजे थांब आणि दोन घंट्या म्हणजे चल. ड्रायव्हर कितीही जुना, कितीही तयारीचा असला तरी कंडक्टरनं डबल दिल्याशिवाय तो गाडी हलवत नाही. ड्रायव्हरकाकांनी आयुष्यातली कित्येक वर्षं तात्यांच्या डबलची वाट बघितली. त्या दिवशी डबल द्यायला तात्या नव्हते, म्हणून ती काकांनी दिली. आपल्या जोडीदाराचं काम त्यांनी एकदा त्याच्यासाठी केलं. एका ड्रायव्हरनं एका कंडक्टरला याहून मोठा मान काय द्यावा, मला तरी सुचत नाही.

आणि तुम्हाला हसू का फुटलं, तेही मला दिसतंय. सकाळपासून घरात जे चाललं होतं, हार, तुळशीपत्र, गंगाजल, ते कुणाच्याही घरात असंच चालतं. ते करावंच लागतं, त्याचा आधारही असतो. पण त्यात तात्या कुठं नव्हते. पत्र्यावर थाप पडली आणि तात्या एकदम समोर उभे राहिले, खाकी कपड्यातले, पेटी काखेत मारलेले. ओळखीचं माणूस अचानक दिसलं की आपल्या तोंडावर पहिलं काय येतं? तेच आलं.

ज्यांनी याचा अभ्यास केला आहे त्यांचं म्हणणंही सांगते, कारण आत्याला नाही तरी तुम्हाला त्याचा उपयोग होईल. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. जोडीदार जाऊन सहाएक महिने झालेल्या माणसांना त्यांनी गेलेल्या माणसाबद्दल बोलतं केलं आणि बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येतं ते बारकाईनं बघितलं. काही जण बोलता बोलता हसत होते. तोंडदेखलं हसू वेगळं, हे खरं हसू, ज्यात डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतात. अशी हसणारी माणसं दुःखातून जास्त सावरलेली दिसली, आणि आजूबाजूच्या माणसांशी त्यांचं नातंही बरं होतं. दुसरं, नेदरलँड्सच्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये दुःखाबद्दल जी मांडणी केली ती आज जगभर मानली जाते. दुःखात माणूस सारखा ये-जा करत असतो. कधी गेलेल्या माणसात बुडतो, कधी बाहेर येऊन जगण्याला लागतो, पुन्हा आत जातो, आणि ही ये-जा चालू असणं हेच बरं लक्षण. तुमचं आधी हसू आणि मग रडू हे त्याच येण्याजाण्यातलं आहे.

आत्यांच्या बोलण्याचं फार मनाला लावून घेऊ नका. त्यांचा भाऊ गेला होता, त्या क्षणी त्यांच्या तोंडून काहीही निघालं असतं. पण ‘आपल्यात असं हसत नाहीत’ असं कुणी म्हणालं, तर त्यांना रक्षाविसर्जनाची आठवण द्या. नैवेद्य ठेवलेला असतो, कावळा जवळच्या झाडावर बसलेला असतो आणि खाली उतरत नाही. दहा-पंधरा मिनिटं जातात. मग जमलेल्यांतलाच कुणीतरी म्हणतो, ‘अरे, चहा ठेवा, चहाशिवाय त्यांनी कधी घास घेतला नाही.’ दुसरा तंबाखूची पुडी काढतो. मुलगा हात जोडून म्हणतो, ‘तुमच्या म्हशीकडं मी बघीन, काळजी करू नका.’ आणि त्या घाटावर, ओल्या डोळ्यांची माणसं हसतात. आपल्या आज्या-पणज्यांपासून हे चालत आलंय. गेलेला माणूस नेमका कशावर अडून बसेल याचा सगळ्यांनी मिळून केलेला तो विचार असतो, आणि त्याला ओळखणाऱ्यांनाच तो जमतो.

तुमच्याकडे ‘प्रथम पुण्यस्मरण’ म्हणून फ्लेक्स लागेल, दहा ते बारा प्रवचन, दुपारी बारा वाजता पुष्पवृष्टी, मग जेवण. प्रवचनानंतर गावातली चार माणसं माईक हातात घेऊन बोलतील. मनमिळाऊ होते, कष्टाळू होते, कधीही भरून न निघणारी पोकळी झाली. हे बोलणारे मनापासून बोलतात, मी त्यांना नावं ठेवत नाही. तरीपण हे शब्द ज्याच्या त्याच्या फोटोखाली बसतात. ‘कष्टाळू’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर कुणीही येत नाही. ‘आजपास्नं फुल!’ म्हटल्यावर तात्या येतात, आवाजासकट. स्वतःच्या पोरीलाही फुकट नेणार नाही हा त्यांचा प्रामाणिकपणा त्यात आहे, पोरगी मोठी झाल्याचा अभिमान आहे, आणि तो अभिमान तिकिटाच्या भाषेतच सांगता येणारा माणूसही आहे. म्हणून मला वाटतं, तुम्ही हसवायच्या मागं लागूच नका. तात्या जसे होते तसे नेमके सांगा. कोणती गाडी, कोणता थांबा, त्यांच्या तोंडचे शब्द काय. हसू आपोआप येईल आणि ज्याला रडायचं आहे त्याला रडूही येईल.

१ जूनचं तर मला फार आवडलं. त्या पिढीतल्या कितीतरी माणसांची दाखल्यावरची जन्मतारीख १ जूनच असते. घरच्यांना खरी तारीख ठाऊक नसायची, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मास्तर १ जून लिहून मोकळे व्हायचे. पण १ जून १९४८ लाच पुण्याहून नगरला एसटीची पहिली गाडी गेली, आणि तात्यांनी मास्तरांच्या त्या तारखेवर हक्क सांगितला! हा शिरा बंद करू नका. तिथीला जे व्हायचं ते होऊ दे. १ जून हा तात्यांनी स्वतः निवडलेला दिवस आहे. त्या दिवशी तुम्ही पुण्यात असाल तर पुण्यात करा, आणि दादाला फोन करून सांगा की शिरा केलाय. दुसरं काही बोलायची गरज पडणार नाही.

आता दादाचं. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या पत्रातली खरी गाठ मला इथंच दिसते.

तुम्ही एका ओळीत लिहून गेलात, ‘दादा आत तात्यांजवळ मडकं धरून बसला होता.’ ताई, ती थाप तुम्ही बाहेर उभ्या राहून ऐकलीत. त्यानं आतून ऐकली. बंद गाडीत, वडिलांच्या पायाशी बसलेल्या माणसाच्या डोक्याजवळ पत्र्यावर दोनदा दणका बसला आणि गाडी हलली. तुमच्यासाठी त्या क्षणी तात्या परत आले होते. त्याच्यासाठी त्याच क्षणी ते निघाले. आणि त्याच वेळी बाहेरून बहिणीच्या हसण्याचा आवाज आला. त्यानं तुम्हाला रडताना बघितलंच नसेल. काकांनी ‘डबल, तात्या’ म्हटलेलं तरी त्याला ऐकू गेलं का, कोण जाणे. या वर्षभरात तुम्ही दोघं याबद्दल एकदाही बोलला नाहीत, असं पत्रावरून दिसतं. मग पुस्तिकेचं, फोटोचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी एवढंच विचारा, ‘दादा, तू आत होतास. तुला तेव्हा काय झालं, ते मी कधी विचारलंच नाही.’ फोनवर नको. तासगावला जा, दोघंच असताना विचारा. मग तो सांगेल ते ऐका. आपली बाजू मांडायची घाई करू नका, ती मांडायला पुष्कळ वेळ मिळेल.

ड्रायव्हरकाकांनाही भेटा. जमलं तर दादाला बरोबर न्या. त्यांनी ती थाप का मारली हे त्यांच्या तोंडून दादानं ऐकायला हवं. बहिणीचं न पटणारं कधीकधी वडिलांच्या दोस्ताकडून पटतं. आणि काकाही आता वयानं तात्यांच्या मागंपुढंच असतील, ही भेट फार लांबवू नका.

कवठे एकंदचा किस्सा मात्र तुम्ही सांगायचा नाही. तुम्हाला तो गमतीचा वाटतो कारण तो तुम्ही घरात, जेवताना, हसत हसत ऐकलात. ज्या पोराला मित्रांच्या देखत, भरल्या गाडीतून बापानं खाली उतरवलं आणि जो उन्हातून चालत घरी आला, त्याच्या पोटात तो वेगळाच असणार. किस्सा ज्याच्या अंगावरून गेला त्याचा असतो. दादानं स्वतः सांगितला तर तो त्या दिवसाचा सगळ्यात भारी किस्सा ठरेल. त्यानं नाही सांगितला तर तो पुस्तिकेत येणार नाही, आणि आला नाही याबद्दल तुम्ही कुणाजवळ चकार शब्द काढायचा नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे. एकाच घरात थोरल्या मुलाला भेटलेला बाप आणि धाकट्या मुलीला भेटलेला बाप हे पुष्कळदा दोन वेगळे बाप असतात. थोरल्याच्या वेळी तात्या तरुण होते, पगार कमी, ड्यूट्या मुक्कामाच्या, ‘कंडक्टरचा पोरगा फुकट फिरतो’ असं कुणी म्हणू नये याची धास्ती. तुमच्या वेळेपर्यंत ते थोडे निवांत झाले होते. तुमच्या वाट्याला ‘आजपास्नं फुल’ आलं, त्याच्या वाट्याला कवठे एकंद. दोन्हीकडं नियम एकच होता बघा, तिकीट म्हणजे तिकीट. पण एकाला त्यानं कौतुक मिळालं आणि दुसऱ्याला शिक्षा. दादा ‘थट्टा’ म्हणतो तेव्हा तो कदाचित तात्यांबद्दल बोलतच नसेल. आपलंच हसं होईल याची त्याला भीती वाटत असेल.

यातूनच तुम्ही न विचारलेला एक प्रश्न निघतो. वडिलांचं वाईटही सांगायचं का? चिडखोरपणा, कंजुषी, आईचा वाढदिवस कधी लक्षात न ठेवणं? सांगा, पण ज्याला त्याचा त्रास झाला तो स्वतः हसून सांगत असेल तरच. आईच्या वाढदिवसाचं आईनं सांगावं. आणि ज्या गोष्टीनं कुणाला खरंच दुखलं असेल, ती शंभर माणसांपुढं हसण्यावारी नेऊ नका. ती घरातल्या घरात बोलायची.

आता आई. त्या गप्प असतात एवढंच तुम्ही लिहिलंय. जेवणखाण नीट आहे का, झोप लागते का, शेजारणींकडं जाणंयेणं आहे का, हे बघा. वर्ष होत आलं तरी त्या सगळ्यातूनच उठल्या असतील, नीट खात-झोपत नसतील, तर ते ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे. तिथं मराठीत बोलता येतं, आणि आईऐवजी तुम्ही फोन करून सल्ला घेतलात तरी चालतो. पण त्या एरवी ठीक असतील आणि फक्त तात्यांचा विषय निघाला की गप्प होत असतील, तर बहुतेक दोन पोरांच्या मधे त्यांना कुणा एकाची बाजू घ्यायची नसावी.

त्यांना पुस्तिकेबद्दल मत विचारू नका. संध्याकाळी शेंगा फोडताना किंवा भाजी निवडताना शेजारी बसा आणि म्हणा, ‘आई, अर्धं तिकीट झालं तेव्हा तुम्ही दोघं पहिल्यांदा कुठं गेला होता गं?’ बायकांना अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून झालं, आणि त्याच जूनमध्ये तात्यांना ७५ पूर्ण झाली, म्हणजे त्यांचा प्रवास फुकट. आयुष्यभर लोकांची तिकिटं फाडलेला माणूस आणि त्याची बायको, एक फुकट आणि एक हाफ, त्या वर्षी दोघं नक्की कुठंतरी गेले असणार. सांगलीला, नरसोबाच्या वाडीला, पंढरपूरला. ‘सरकारनं हाफ केली’ हे वाक्य तात्या तुमच्यासमोर एकदा बोलले असतील. आईनं ते वर्षभर ऐकलं असेल, आणि त्याला आईचं उत्तरही ठरलेलं असेल. ते उत्तर तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर पुस्तिकेत पहिल्यांदा ते हवं. आई सांगतील, किंवा ‘काय बाई एकेक’ म्हणून उठून जातील. उठून गेल्या तर त्या दिवशी तिथंच थांबा.

आता प्रत्यक्ष त्या दिवशी काय करायचं. विधी, प्रवचन, पुष्पवृष्टी, जेवण हे सगळं दादा म्हणेल तसंच होऊ दे, त्यात एक अक्षर घालू नका. तो दिवस थोरला म्हणून त्याच्या अंगावर आहे. माईकवर किस्से नकोतच. लांबून आलेल्या, तात्यांना धड न ओळखणाऱ्या माणसांपुढं ‘फुल’चा किस्सा वाया जाईल. पाहुणे पांगले, भांडी आवरली, चहा झाला की घरचीच पंधरा-वीस माणसं अंगणात किंवा माडीवर बसतील. तेव्हा सुरुवात तुम्ही करू नका. ड्रायव्हरकाकांना थांबवून घ्या आणि त्यांना बोलू द्या. डेपोतली माणसं एकदा बोलायला लागली की त्यांना कुणी थांबवू शकत नाही, आणि त्यांच्या तोंडून दादाला असे तात्या भेटतील जे त्यानंही बघितले नाहीत. घरी कडक असलेला माणूस मुक्कामाच्या गाडीवर, रात्री टपावर झोपताना, जोडीदाराशी काय बोलायचा? आपल्या पोराबद्दल काय बोलायचा? हे कळायचा आता तेवढा एकच रस्ता उरलाय.

पुस्तिकेसाठी लोकांकडून आठवणी गोळा करताना ‘तात्या कसे होते?’ असं विचारलंत की ‘फार चांगले होते’ एवढंच हाती लागेल. ‘तुमचं त्यांचं कशावरनं वाजलं होतं?’ ‘सुट्ट्या पैशांचं ते काय करायचे?’ ‘तिकिटामागं बाकी लिहून दिली आणि कुणी उतरताना विसरून गेलं, तर पुढं?’ असं विचारा. वयस्कर माणसांना लिहायला सांगू नका, फोनवर बोलतं करा आणि परवानगी घेऊन रेकॉर्ड करून ठेवा. उतरवताना त्यांची भाषा बदलू नका. ‘आरं सरक की फुडं, आत मैदान मोकळं हाय’ हे ‘कृपया पुढे सरका’ झालं की तात्या गेले. नातवंडांना तिकिटाला भोक पाडणाऱ्या पंचची टकटक, तिकिटांची पेटी, हिशेबाचं वे-बिल यातलं काही माहीत नसेल, ते एकेका ओळीत सांगा. तात्यांचा पंच घरात असेल तर त्याचा फोटो घाला.

सोळा पानं पुरेत. मधे पिन मारायच्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात, म्हणून सोळा किंवा वीस धरा. त्या दिवशी सरसकट वाटू नका, मागेल त्याला द्या.

फोटोचा वाद सोडून द्या. फ्लेक्सवर आणि हार घालायला दादाचा फोटो राहू दे. तो डाफरणारा चेहराही तात्यांचाच आहे, आणि अर्ध्या तालुक्यानं त्यांना तसंच बघितलंय, ‘सुट्टे द्या’ म्हणताना. पंगतीतला हसरा फोटो पुस्तिकेच्या पहिल्या पानावर घ्या. छापखान्यात तो व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर छापताना चेहरा फुटतो. मजकूर पंधरा दिवस आधी द्या. प्रूफ आलं की ते आधी आईला मोठ्यानं वाचून दाखवा, मग दादाच्या हातात द्या. त्यानं कुठं काट मारली तर का म्हणून विचारू नका, आणि एखाद्या पानावर त्यानं काही वाढवलं तर ते आहे तसं छापा.